शब्दांचा पत्ता

लिहिलेल्या शब्दाला दोन गोष्टींची गरज असते. तो वाचणारा कोणीतरी असावा लागतो आणि तो कोणाचा आहे, कोठून आला आहे, हे वाचणाऱ्याला कळावे लागते. यांपैकी पहिली गरज समाजमाध्यमांनी पूर्वी कधी नव्हती इतक्या सहजतेने भागविली आहे. दुसरीचे काय झाले, याचा विचार मात्र क्वचितच होतो. व्यक्तीने स्वतःच्या नावाने उभारलेल्या संकेतस्थळाला आज काही अर्थ उरला आहे काय, हा प्रश्न वरकरणी तंत्रज्ञानाचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी लेखक आणि त्याचा शब्द यांच्यातील नात्याचा, म्हणजेच एका नैतिक संबंधाचा, प्रश्न आहे.

येथे थोडा इतिहास ध्यानात घेणे इष्ट ठरेल. जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी घडविलेले वेब १९९१ मध्ये बाहेरच्या जगासाठी खुले झाले आणि १९९३ मध्ये सर्नने त्यावरील आपला हक्क सोडून ते सर्वांना विनामूल्य दिले. कोणीही परवानगी न मागता आपले पान मांडावे आणि ते इतरांच्या पानांशी जोडावे, हे या रचनेत गृहीत होते. पुढे ‘जिओसिटीज’सारख्या कंपन्यांनी सामान्य माणसाला अशी पाने मांडण्यासाठी फुकट जागा दिली. असंख्य लोकांनी आपले छंद, आपली माणसे, आपली मते तेथे मांडली. १९९९ मध्ये ‘याहू’ने ही कंपनी विकत घेतली आणि २००९ मध्ये, जपानचा अपवाद वगळता, ती सारी वसाहत बंद केली. भारतात अत्यंत लोकप्रिय झालेले ‘ऑर्कुट’ २०१४ मध्ये मिटले. ‘मायस्पेस’वर अनेक वर्षे साठलेली गाणी नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. दुसऱ्याच्या वाड्यात बिऱ्हाड करणाऱ्याला वाडा कधी पाडायचा हे ठरविता येत नाही, एवढाच याचा साधा अर्थ.

मात्र एवढ्यावरून स्वतःचे संकेतस्थळ चिरंतन असते, असे अनुमान काढणे घाईचे होईल. संकेतस्थळाचे नावही ठरावीक मुदतीच्या शुल्कावर मिळते; ते भरणारा गेला की पत्ता पुसला जातो. मराठीतील आरंभीची अनेक संकेतस्थळे निरनिराळ्या फाँटांत होती. तो फाँट वाचकाच्या संगणकावर नसला, की सुबोध मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. युनिकोड रूढ झाल्यावर नव्या लेखनापुरती ही अडचण दूर झाली. जुनी पाने मात्र कोणीतरी कष्टाने नव्या रूपात आणल्याखेरीज वाचनीय राहिली नाहीत. शिवाय टिकण्याची खरी हमी मालकी देत नाही, वाचक देतो. तुकोबांचे अभंग वारकऱ्यांच्या कंठात राहिले आणि संताजी जगनाडे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वह्यांतही राहिले. यांपैकी एकही जागा तुकोबांच्या मालकीची नव्हती. तरीही त्या अभंगांना पत्ता होता. अखेरच्या चरणातील नाममुद्रेमुळे अभंग कोठेही गेला तरी उच्चारणाऱ्याला घेऊनच जात असे. टिकाऊपणाचा निकष बाजूला ठेवला, तर संकेतस्थळाच्या बाजूने उरणारा मुद्दा हाच आहे.

प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस लेखनाविषयी जी तक्रार करतो, तिचा आशय असा की, एकदा लिहिलेले बोल जाणत्यांकडे आणि अजाणत्यांकडे सारखेच भटकत राहतात. कोणाशी बोलावे आणि कोणापुढे मौन पाळावे, हे त्यांना कळत नाही. आणि त्यांच्यावर अन्याय झाला, तर बचावासाठी त्यांना आपल्या पित्याची गरज भासते. ग्रंथसंस्कृतीने या तक्रारीला काही प्रमाणात उत्तर दिले होते. मुखपृष्ठावरील नाव, प्रस्तावना, प्रकरणांचा क्रम, सुधारलेली आवृत्ती ही सारी पित्याच्या उपस्थितीचीच चिन्हे होत. समाजमाध्यमावरील मजकूर या चिन्हांना पारखा होतो. एखाद्याचे गंभीर चिंतन जाहिरात आणि शोकवार्ता यांच्या मध्ये येऊन पडते. त्याच्या आधी काय आणि नंतर काय, हे लेखक ठरवीत नाही. वाचकही ठरवीत नाही. लक्ष अधिकाधिक काळ गुंतून राहावे, या हेतूने केलेले गणित तो क्रम ठरविते. तोडून घेतलेले एक वाक्य हजारो हातांतून फिरते आणि त्यावर संतापणाऱ्यांपैकी बहुतेकांना मूळ परिच्छेद कधी भेटतच नाही.

वैयक्तिक संकेतस्थळावर लेखकाचे दहा वर्षांपूर्वीचे मत आणि आजचे मत शेजारी शेजारी राहू शकते. मत का बदलले, हे तेथे सांगावे लागते. निदान बदलले आहे हे लपविता येऊ नये, अशी अपेक्षा ठेवता येते. वाचक तेथे वाहत येत नाही; तो ठरवून येतो. पसंतीच्या आकड्यांकडे डोळे लावून लिहिणाऱ्याची वाक्ये हळूहळू त्या आकड्यांना शरण जातात. ज्याला रोज मोजले जात नाही, त्याला निदान अप्रिय वाटेल ते लिहिण्याची सवड मिळते. अर्थात स्वतःच्या जागेतही माणूस खोटे बोलू शकतो. फरक इतकाच, की ते खोटे त्याच्या दारावर त्याच्या नावाने लागलेले असते.

या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप संभवतो. हाना आरेंट यांनी ‘द ह्यूमन कंडिशन’ या १९५८ मधील ग्रंथात दाखवून दिले आहे की, प्राचीन ग्रीक नगरराज्यात ज्याला स्वतःचे घर होते, त्यालाच सार्वजनिक जीवनात स्थान होते. कारण घराविना माणसाला जगात आपली म्हणावी अशी जागाच नसे. हे खरे, पण त्याच व्यवस्थेत स्त्रिया आणि गुलाम घराच्या चार भिंतींत कोंडलेले होते. मग स्वतःच्या संकेतस्थळाचा आग्रह हादेखील पैसा, सवड आणि तांत्रिक ज्ञान असणाऱ्यांचाच आग्रह ठरत नाही काय? ज्यांना कोणत्याही संपादकाने दार उघडले नसते, अशा कितीतरी जणांना समाजमाध्यमांनी आवाज दिला, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

या आक्षेपाचे उत्तर आपल्याच वाङ्मयीन इतिहासात शोधता येते. साठोत्तरी काळात प्रस्थापित मासिकांबाहेरच्या तरुण लेखकांनी अनियतकालिके काढली. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ‘अस्मितादर्श’ चालविले आणि दलित लेखकांच्या एका पिढीला हक्काची जागा मिळाली. या लेखकांना ऐश्वर्य नव्हते, मोठा वाचकवर्गही नव्हता. तरीही दुसऱ्याच्या पानावर मिळालेला कोपरा त्यांना पुरेसा वाटला नाही. कोपरा देणारा अटीही घालतो आणि त्या अटी तो हवे तेव्हा बदलूही शकतो, याची त्यांना जाण होती. ज्याचा आवाज दडपला गेला आहे, त्याला स्वतःच्या जागेची गरज इतरांहून अधिक असते. ती जागा एकट्याची असणेही आवश्यक नाही. चार समानधर्मींनी मिळून ती चालविता येते. आता ‘.भारत’मुळे २०१४ पासून संकेतस्थळाचे नावही देवनागरीत घेता येते.

समाजमाध्यम ही आजची चावडी आहे आणि चावडीवर जाणे सोडावे, असे कोणी सुचविणार नाही. पण चावडीवर बोललेल्या माणसाला उद्या कोणी विचारावयास आले, तर तो भेटेल असा एक ओटा कोठेतरी असावा. तेथे येणारे थोडे असतील. काही दिवस कोणीच येणार नाही. संकेतस्थळाचे महत्त्व त्या गर्दीवर अवलंबून नाही. आपण काय म्हणालो होतो, हे विचारणाऱ्याला आपल्यापर्यंत पोहोचता यावे, एवढी सोय लेखकाने करून ठेवली आहे की नाही, यावर ते अवलंबून आहे.