श्रेष्ठांचा प्रमाद आणि गृहस्थाचे प्रमाण

बंगळूर येथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या एका महाराष्ट्रीय सद्गृहस्थांनी सत्संग आटोपल्यावर एकांतात एक प्रश्न विचारला. तो प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. म्हणून त्यांची अनुमती घेऊन, नाव न देता, तो येथे मांडीत आहे.

त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा क्रिकेट खेळतो. खेळाडूने मद्यापासून दूर राहावे, हे त्याला पटवून देण्यासाठी त्यांनी एक घडलेली गोष्ट सांगितली. श्रीलंकेच्या कसोटी संघाचा कर्णधार दिमुथ करुणारत्ने याला ३१ मार्च २०१९ रोजी कोलंबो येथे मद्यप्राशन करून मोटार चालविल्याबद्दल अटक झाली. त्याच्या मोटारीची धडक बसून एक रिक्षाचालक जखमी झाला होता. करुणारत्नेने जाहीरपणे खेद व्यक्त केला आणि क्रिकेट मंडळाने त्याला ७५०० डॉलर दंड केला. मुलाने सर्व शांतपणे ऐकले आणि म्हटले, "पण बाबा, पुढे तीन आठवड्यांच्या आतच विश्वचषकासाठी त्याला एकदिवसीय संघाचाही कर्णधार केले. मग त्याचे बिघडले काय?" आणि थोडे थांबून तो खालच्या आवाजात म्हणाला, "परवा मेजवानीहून येताना तुम्ही पोलिसांची नाकेबंदी पाहून गाडी गल्लीत वळवलीत. मी मागे बसलो होतो."

ते सद्गृहस्थ म्हणाले, "महाराज, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी कसेबसे दिले असते, दुसऱ्याने माझी वाचाच बंद झाली. आता मुलाला काय सांगू?"

सज्जनहो, या दोन प्रश्नांचे मूळ एकच आहे. भगवंतांनी तिसऱ्या अध्यायाच्या एकविसाव्या श्लोकात सांगितले आहे की, श्रेष्ठ पुरुष जसे वागतो तसेच इतर लोक वागतात, आणि तो जे प्रमाण ठरवितो त्याच्यामागे जग जाते. येथे दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्या आहेत, हे लक्षात घ्यावे. एक आचरण आणि दुसरे प्रमाण. श्रेष्ठाच्या हातून चूक झाली तर आचरण बिघडते. परंतु त्या चुकीनंतर त्याला कसे वागविले जाते, त्यावरून समाजाचे प्रमाण ठरते. कोलंबोत त्या दिवशी एका माणसाचे आचरण चुकले. त्यानंतर अल्पावधीत जो सन्मान देण्यात आला, त्यातून मात्र असंख्य मुलांनी प्रमाण घेतले की, गुण असला म्हणजे दोष मोजला जात नाही.

आजच्या काळात मुलांच्या दृष्टीने श्रेष्ठ कोण? राजा नव्हे, पंडित नव्हे, खेळाडू होय. मुले त्याच्याप्रमाणे केस राखतात, त्याच्याप्रमाणे चालतात. ही शक्ती चांगल्या कामीही येते. सचिन तेंडुलकर यांनी तंबाखू व मद्य यांची जाहिरात करणार नाही, असे वचन आपल्या वडिलांना दिले होते आणि मोठे धन समोर असतानाही ते पाळले. वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक व कवी होते. एका मराठी गृहस्थाने घरात मागितलेले एक वचन देशभर प्रमाण होऊन बसले, ही गोष्ट प्रत्येक पित्याने मनात ठेवण्यासारखी आहे.

आता मद्यपान करून वाहन चालविणे हे पाप कोणत्या जातीचे आहे, ते पाहू. अठराव्या अध्यायाच्या पंचविसाव्या श्लोकात तामस कर्माचे लक्षण दिले आहे. पुढील परिणाम, होणारी हानी, दुसऱ्यास होणारी हिंसा आणि स्वतःचे सामर्थ्य या चारांचा विचार न करता केवळ मोहाने आरंभिलेले कर्म ते तामस होय. या चारही अंगांनी तंतोतंत जुळणारे याहून दुसरे उदाहरण आमच्या युगात सापडणे कठीण.

सामर्थ्याचा विचार प्रथम करू. उपनिषदाने शरीरास रथ, इंद्रियांस घोडे, मनास लगाम आणि बुद्धीस सारथी म्हटले आहे. मद्य प्रथम सारथ्यावरच हात टाकते. म्हणून प्यालेला मनुष्य "मी ठीक आहे" असे म्हणतो तेव्हा तो नेहमीच खोटे बोलत असतो असे नाही. ठीक आहे की नाही हे सांगणारी बुद्धीच त्या वेळी निद्रिस्त झालेली असते. खेळाडूला तर आपल्या चपळ शरीराचा अधिकच भरवसा वाटतो. परंतु ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे सतरा मीटर पुढे जाते. गतिरोधकावर पाय पडण्यास अर्धा सेकंद उशीर झाला, तर तेवढ्यात आठ मीटरांहून अधिक अंतर कापले जाते. आणि त्या आठ मीटरांत कोणाचे तरी मूल उभे असू शकते.

परिणाम, हानी व हिंसा यांविषयी एकच उदाहरण पुरे. अमेरिकेतील लास व्हेगास येथे २ नोव्हेंबर २०२१ च्या पहाटे हेन्री रग्ज या तरुण व धनवान फुटबॉलपटूने प्यालेल्या अवस्थेत ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने मोटार हाकली. पुढच्या मोटारीतील तेवीस वर्षांची एक तरुणी आपल्या कुत्र्यासह जळून मरण पावली. त्याच्या संघाने त्याला त्याच दिवशी काढून टाकले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयाने त्याला तीन ते दहा वर्षांचा कारावास दिला. तेथे समाजाने प्रमाण बिघडू दिले नाही. परंतु ती कन्या मात्र आपल्या मातापित्यांना परत मिळाली नाही. म्हणून दंडापेक्षा संयम श्रेष्ठ होय.

धनाचा मद मद्याच्या मदास मिळाला म्हणजे काय होते? सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीचे वर्णन करताना भगवंत धनाच्या व कुळाच्या गर्वाने स्वतःस अद्वितीय समजणाऱ्या मनुष्याचे चित्र काढतात. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे एका धनिक घरातील अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा अंत झाला. तो मुलगा प्यालेला होता, असा आरोप झाला. काही तासांतच त्याला जामीन मिळाला आणि त्यातील एक अट तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची होती. पुढे लोकक्षोभ झाला आणि रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. आरोपांचा निर्णय न्यायासनाने करावयाचा; आपण एवढेच पाहावे की, ज्या समाजात रक्तालाही किंमत लावता येते अशी शंका लोकांना येते, तेथे धर्माचा पाया हलू लागला आहे.

आपला मोटार वाहन कायदा सर्वांस सारखाच आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यांश आढळल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनुसार, पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. परंतु दहा हजार रुपये म्हणजे रिक्षाचालकाच्या घरचा महिन्याचा शिधा, आणि कोट्यधीश खेळाडूच्या एका रात्रीच्या मेजवानीतील किरकोळ खर्च. आकडा सारखा, पण भार सारखा नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे की, ज्या अपराधास सामान्य मनुष्याला एक कार्षापण दंड, त्याच अपराधास राजाला सहस्र कार्षापण दंड असावा. फिनलंड देशात १९२१ पासून अपराध्याच्या उत्पन्नाच्या मानाने दंड ठरविण्याची पद्धत आहे. आमच्या जुन्या न्यायविचाराशी जुळणारी ही गोष्ट आम्हीच विसरावी, हे आश्चर्य!

कोणी म्हणेल, "ज्याने देशाची कीर्ती वाढविली, त्याला एवढे कठोर का व्हावे?" त्याने महाभारतातील मौसलपर्व वाचावे. द्वारकेत आहुक, श्रीकृष्ण, बलराम व बभ्रू यांच्या नावाने दवंडी पिटविण्यात आली की, जो मद्य तयार करील त्याला बांधवांसह सुळावर चढविले जाईल. यादवांहून पराक्रमी कोण होते? तरी त्या दवंडीत पराक्रमी पुरुषांसाठी वेगळी सवलत नव्हती. पुढे प्रभासक्षेत्री यात्रेच्या निमित्ताने तो नियम सुटला. प्रत्यक्ष भगवंतांच्या समोर सात्यकी व कृतवर्मा यांचा मद्याच्या धुंदीत कलह जुंपला आणि अजिंक्य कुळ लव्हाळ्याच्या मुसळांनी नष्ट झाले. भगवंतांचे सान्निध्यदेखील त्यांना वाचवू शकले नाही. मग टाळ्यांचा गजर कोणाला वाचविणार?

तथापि कठोरपणा म्हणजे द्वेष नव्हे. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत वांद्रे येथे मद्यपान करून मोटार चालविल्याच्या आरोपावरून विनोद कांबळी यांना अटक झाली व नंतर जामिनावर सुटका झाली. १९८८ मध्ये शालेय सामन्यात सचिनसह ६६४ धावांची भागीदारी करणारा हा मुलगा मराठी माणसाच्या घरातलाच होता. पोलिसांनी नाव न पाहता कायदा लावला, हे योग्यच झाले. परंतु आपण त्याची टवाळी केली असेल तर ते पाप आपले. व्यसनी मनुष्य दंडास पात्र असतो आणि त्याच वेळी औषधोपचारास व प्रेमासही पात्र असतो. उपेक्षा म्हणजे क्षमा नव्हे, आणि लाड म्हणजे करुणा नव्हे.

नवव्या अध्यायात भगवंतांनी अत्यंत दुराचारी मनुष्यासही आश्वासन दिले आहे. परंतु त्याचा निश्चय योग्य झाला असला पाहिजे, ही अट विसरू नये. अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स २००४ मध्ये या अपराधात सापडला होता. दहा वर्षांनी, सप्टेंबर २०१४ मध्ये, अठरा सुवर्णपदकांचा धनी असताना, तो पुन्हा सापडला. त्याच्या संघटनेने त्याला सहा महिने दूर ठेवले आणि २०१५ च्या जागतिक स्पर्धेतूनही वगळले. न्यायालयात त्याने अपराध कबूल केला, उपचार घेतले आणि २०१६ मध्ये रिओ येथे आणखी पाच सुवर्णपदके मिळविली. दंडाने त्याचे जीवन नासले नाही. पहिल्या वेळी न झालेला निश्चय दुसऱ्या वेळी झाला, आणि दंड त्या निश्चयास साह्यभूत ठरला.

आता आपल्याकडे वळू. बंगळूरच्या संघाला २००८ मध्ये नावच मुळी एका मद्याच्या छापावरून मिळाले. मद्याची उघड जाहिरात करता येत नाही, म्हणून तेच छाप सोडा व पाण्याच्या बाटल्यांवरून घराघरांत शिरतात. ४ जून २०२५ रोजी त्याच संघाच्या विजयोत्सवात चिन्नास्वामी क्रीडांगणाबाहेर चेंगराचेंगरी होऊन अकरा जीव गेले. ती घटना मद्याची नव्हती. परंतु वीरपूजेचीही एक धुंदी असते आणि त्या धुंदीतही विचार लोपतो, हे तिने दाखविले. त्याच धुंदीत आपण आवडत्या खेळाडूचा अपराध लहान करून पाहतो. आयोजकांनी, मंडळांनी, पोलिसांनी काय करावे हे सांगणे सोपे आहे. पण ज्याच्या मुलाने मागच्या आसनावरून सर्व पाहिले, तो पिता त्या घरातील श्रेष्ठ पुरुष आहे. त्याच्या घराचे प्रमाण कोणतेही क्रिकेट मंडळ ठरवीत नाही.

मी त्या सद्गृहस्थांना म्हटले, "मुलाला प्रथम खेळाडूविषयी काही सांगू नका, स्वतःविषयी सांगा. 'त्या रात्री मी प्यालो होतो, मी भ्यालो आणि पळालो. तुझा जीव व रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा जीव मी पणाला लावला,' असे स्पष्ट म्हणा. मग सर्वांसमक्ष संकल्प करा की, ज्या हाताने पेला धरला त्या हाताने किल्ली धरणार नाही. आणि पुढे पेलाच धरणार नाही. घरी येणाऱ्या पाहुण्याने प्यालेले असेल तर त्याची किल्ली ठेवून घ्या. तो रागावला तरी चालेल. त्यानंतर त्या कर्णधाराविषयी बोला. तेव्हा तुमच्या शब्दाला वजन येईल."

ते काही वेळ मान खाली घालून बसले. मग म्हणाले, "मुलगा म्हणेल, बाबा पकडले गेले नाहीत, मग दंड कोणता?"

मी म्हटले, "मुलाच्या तोंडावर हे उच्चारणे हाच तो दंड. तो आपण आपल्या हाताने घ्या. नाकेबंदी चुकविता येते. अंतर्यामी बसलेल्या साक्षीला चुकविणारी गल्ली कोणत्याही नगरात नाही."

तो सर्वसाक्षी परमात्मा आपल्या बुद्धिरूपी सारथ्यास सदैव जागृत ठेवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.