माणसे सांभाळणाऱ्या बुद्धीचे मोजमाप

सामाजिक बुद्धिमत्ता म्हणजे इतरांचे मन जाणून त्यांच्याशी शहाणपणाने वागण्याची क्षमता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये तिला अमूर्त आणि यांत्रिक बुद्धीपासून वेगळे काढले. कारखान्यातला उत्तम कारागीर केवळ हिच्या अभावी फोरमन म्हणून अपयशी ठरू शकतो, असे त्यांनी म्हटले. तिचे मोजमाप अवघड आहे, हेही त्यांनीच बजावले. कारण ती दिसायला समोर माणसे लागतात, वेळ लागतो, चेहरा आणि आवाज लागतो.

ही सूचना बराच काळ बाजूला पडली. वॉशिंग्टनमध्ये १९२०च्या दशकात एक लेखी चाचणी तयार झाली. चेहरे व नावे लक्षात ठेवणे, बोलण्यावरून मनःस्थिती ओळखणे, असे तिचे भाग होते. पण १९३७ मध्ये थॉर्नडाइक यांचेच पुत्र रॉबर्ट यांनी सॉल स्टाइन यांच्यासह या प्रयत्नांचा आढावा घेतला, तेव्हा ती चाचणी मुख्यतः भाषिक क्षमताच मोजत असल्याचे दिसले. पुढे मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड आणि सहकाऱ्यांनी चित्रे, हावभाव व आवाज वापरून शब्दांचा अडसर कमी केला. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीनेही बुद्धिमापनात गिलफर्ड यांची मांडणी आधाराला घेतली. तरीही चित्रातल्या माणसाचा राग ओळखणे आणि रागावलेल्या सहकाऱ्याकडून काम पूर्ण करून घेणे यांत मोठे अंतर आहे.

ते अंतर कमी केले सैन्याच्या निवड मंडळांनी. ब्रिटनमध्ये १९४२ साली आणि भारतात १९४३ साली, डेहराडूनला, अशा मंडळांची पद्धत सुरू झाली. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत १९४५ पासून नौदलाचे अभियांत्रिकी प्रशिक्षण चालते. तिथे येणारे अधिकारी सर्वसाधारणपणे अशाच मंडळातून निवडले गेलेले असतात. या मंडळांत उमेदवारांच्या गटाला फळी, बल्ली आणि दोर देऊन अडथळा पार करायला सांगतात. नेता नेमलेला नसतो. कोण दुसऱ्याची कल्पना उचलून धरतो, कोण मागे राहिलेल्याला कामात ओढतो, कोण नुसताच ओरडतो, हे परीक्षक पाहतो. मानसशास्त्रज्ञ आणि मुलाखत घेणारा अधिकारी स्वतंत्रपणे आपले मत बनवतात आणि अखेरीस तिघे एकत्र बसून निर्णय घेतात. जहाजाच्या इंजिनकक्षात उष्णता आणि गोंगाट यांत पाळीवरच्या माणसांना सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यासाठी ही कसोटी कागदी प्रश्नांपेक्षा निश्चितच प्रामाणिक आहे. ती निर्दोष मात्र नाही: शिकवणी वर्गांत सहकार्याचा आविर्भाव पढवता येतो, आणि परीक्षकाला आपल्यासारखाच माणूस अधिक भावू शकतो.

सैन्याबाहेर मात्र वेगळी वाट धरली गेली. मानसशास्त्रज्ञ सालोव्हे आणि मेयर यांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली. डॅनियल गोलमन यांच्या १९९५च्या पुस्तकाने ती कचेऱ्यांत पोहोचवली. त्यापाठोपाठ स्वतःच स्वतःला गुण देण्याच्या प्रश्नावल्या आल्या. ज्याला इतरांच्या मनाचा अंदाज येत नाही, त्याला आपली ही उणीवही बहुधा दिसत नाही. म्हणून अशा गुणांवर बढती ठरवणे चूक आहे.

तळेगावच्या औद्योगिक वसाहतीतही सुपरवायझर निवडताना ही क्षमता कशी ओळखायची, हाच प्रश्न येतो. तिथल्या व्यवस्थापनांनी प्रश्नावलीवर विसंबू नये. उमेदवाराला काही आठवडे पाळी सांभाळू द्यावी, एकाहून अधिक जणांनी त्याचे काम पाहावे आणि त्याच्या हाताखाली राबलेल्या कामगारांचे मत निर्णयाआधी जरूर नोंदवून घ्यावे.