मालकाने ऐकून घेणे

१९६९ च्या सुमारास होंडा कंपनीत एका प्रश्नावरून मोठा वाद चालला होता. मोटारीचे इंजिन हवेने थंड करायचे की पाण्याने? संस्थापक सोइचिरो होंडा हवेवर अडून बसले होते. वाढत्या प्रदूषणाच्या काळात पाण्याशिवाय भागणार नाही, असे तरुण इंजिनिअर सांगत होते. अखेर भागीदार ताकेओ फुजिसावा यांनी होंडांनाच विचारले, तुम्ही अध्यक्ष म्हणून राहणार की इंजिनिअर म्हणून? अध्यक्ष म्हणूनच राहायला हवे, असे होंडा म्हणाले आणि त्यांनी तरुणांना मोकळीक दिली.

हे सोपे नव्हते. हामामात्सुजवळच्या खेड्यातला हा लोहाराचा मुलगा पंधराव्या वर्षी टोकियोच्या गॅरेजमध्ये उमेदवारीला गेला, तेव्हा सुरुवातीला त्याच्या वाट्याला मालकाचे मूल सांभाळायचे काम आले. पुढे त्याने पिस्टन रिंग बनवल्या. टोयोटाने त्यांतल्या पन्नास तपासल्या आणि फक्त तीन पास केल्या. युद्धानंतर लष्कराची पडून राहिलेली छोटी इंजिने सायकलींना बसवून त्याने धंदा पुन्हा उभा केला. सगळी विद्या अशी स्वतःच्या हातांनी मिळवलेल्या माणसाला, तुमचे म्हणणे आता चालणार नाही, हे धाकट्यांकडून ऐकणे किती जड गेले असेल!

त्याच तरुणांनी पुढे कमी धूर सोडणारे सीव्हीसीसी इंजिन तयार केले. अमेरिकेचा कडक कायदा पाळता येणार नाही, असे बडे कारखानदार म्हणत असताना १९७२ मध्ये ते चाचणीत उतरले. आता आपण अमेरिकेच्या तीन मोठ्या कंपन्यांच्या बरोबरीला येऊ, असे होंडा म्हणत होते. आम्ही हे कंपनीसाठी करत नाही, समाजासाठी करतो आहोत, असे त्यांच्याच माणसांनी त्यांना सुनावले. आपला विचार कंपनीपुरता आखडला आहे, हे होंडांना जाणवले, आणि त्यांनी ते मनाला लावून घेतले.

मला त्यांचे मोठेपण इथे दिसते. मोटारसायकलींचे विक्रम, १९६१ ची आइल ऑफ मॅनची जिंकलेली शर्यत, जगभर गेलेली सुपर कब ही छोटी मोटारसायकल, हे सगळे खरेच, पण कर्तबगारी पुष्कळांकडे असते. आपल्याच हाताखाली शिकलेली मुले आपल्यापुढे गेली, हे मान्य करणारा मालक मात्र विरळा. फुजिसावा निवृत्त होणार हे कळताच, तो जातो तर मीही जातो, असे होंडांनी ठरवले. १९७३ मध्ये दोघेही एकदमच बाजूला झाले. होंडा तेव्हा ६६ वर्षांचे होते. कंपनी पंचेचाळीस वर्षांच्या कियोशी कावाशिमांकडे गेली. आपापल्या मुलांना कंपनीत आणायचे नाही, हे दोघांनी आधीच ठरवले होते आणि ते पाळलेही. त्यानंतर होंडा देशभरातल्या शाखांमध्ये फिरले आणि कामगारांचे हात हातात घेऊन त्यांचे आभार मानत राहिले.

५ ऑगस्ट १९९१ रोजी ते गेले. मोटारी बनवणाऱ्या माणसाच्या अंत्यसंस्कारामुळे रस्त्यात वाहतूक तुंबू नये, म्हणून कंपनीने मोठा सोहळा करू नये, असे त्यांनी सांगून ठेवले होते. कंपनीने त्याऐवजी लोकांचे आभार मानण्यासाठी सभा भरवल्या.