प्रारब्धाची सीमा

उंचावरून पडल्याने किंवा रस्त्यावरील अपघातात मणका मोडून सरकला, की मज्जारज्जूवर, म्हणजे मेंदू आणि शरीर यांच्यात आज्ञा व संवेदना वाहून नेणाऱ्या चेतातंतूंच्या जुडग्यावर आघात होतो आणि धडधाकट माणसाच्या पायांतले, इजा मानेत असल्यास हातांतलेही, बळ क्षणात जाते. अशा वेळी घरीदारी पहिला शब्द उमटतो तो प्रारब्धाचा. पूर्वकर्माच्या साठ्याला संचित, त्यातून फळ देऊ लागलेल्या भागाला प्रारब्ध आणि सध्या घडणाऱ्या कर्माला क्रियमाण म्हणतात. प्रारब्ध सुटलेल्या बाणासारखे असून वेग सरेपर्यंत थांबत नाही, असे वेदान्त सांगतो. मणका मोडणे प्रारब्धात होते असे मानले, तरी पुढे पाठीवर चिघळणाऱ्या जखमा, मूत्रपिंडांचा बिघाड आणि त्यांतून येणारा मृत्यू हीदेखील त्याच बाणाची गती समजायची काय, हा खरा प्रश्न आहे.

इ. स. पूर्व १६००च्या सुमाराच्या एडविन स्मिथ पपायरस या इजिप्तमधील वैद्यकीय लेखात मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या रुग्णावर उपचार करू नयेत, असा निर्वाळा आहे, आणि पहिल्या महायुद्धापर्यंत अशा बहुतेक जखमींचे भवितव्य फारसे पालटले नव्हते. नाझी जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू वैद्य लुडविग गुटमन यांनी १९४४मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे निराळी रीत घालून दिली. रात्रंदिवस दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, कारण संवेदना हरपलेल्या कातडीला दाब कळत नाही आणि माकडहाडापाशी ती आधी लाल होते, मग सडते; लघवी तुंबू द्यायची नाही, तिच्यात जंतुसंसर्ग होऊ द्यायचा नाही; आणि रुग्णाला अंथरुणातून उठवून कामाला व खेळाला लावायचे. तुटलेला मज्जारज्जू सांधण्याचा उपाय गुटमन यांच्याकडे नव्हता, आजही कोणाकडे नाही. इजा तीच राहिली, पण मरणाऱ्यांतले पुष्कळ जण जगू लागले. त्या मृत्यूंपैकी कितीतरी प्रारब्धाचे नव्हते, शुश्रूषेच्या अभावाचे होते, असे म्हणणे भाग आहे.

लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्मविपाकाबरोबरच, म्हणजे कर्माच्या फळाबरोबरच, आत्मस्वातंत्र्याचा विचार केला, तो याच ठिकाणी उपयोगी पडतो, कारण कर्मसिद्धान्तातून मनुष्याचे कर्तृत्व वगळले तर उरतो तो निव्वळ दैववाद. अशा कर्तृत्वाचे उदाहरणही आहे: सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांना १९६५च्या भारत-पाक युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंगत्व आले आणि १९७२मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. मात्र प्रत्येक रुग्णाकडून अशा पराक्रमाची अपेक्षा धरणे हाही अन्यायच होय. स्वतःच्या दुःखाला प्रारब्ध म्हणून धीर धरण्याचा अधिकार रुग्णाचा आहे. त्याची कूस बदलण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांना तो शब्द उच्चारण्याचा अधिकार नाही.