वाचनाची आज्ञा आणि वाचनाची गोडी

दिव्य कुरआनच्या अवतरणाचा आरंभ ‘इक्रा’, म्हणजे ‘वाच’, या शब्दाने झाला, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. या शब्दाचा दाखला देऊन आपण मुलांना पुस्तकापुढे बसवितो. परंतु वाचकहो, येथे एक प्रश्न उभा राहतो. आज्ञेने मूल वाचावयास बसेल. पण वाचन त्याला प्रिय होईल काय? आणि जे प्रिय झाले नाही, ते परीक्षा संपल्यावर टिकेल काय?

हिरा गुहेत अवतरलेल्या पहिल्या पाच आयती पुन्हा ध्यानपूर्वक पाहा. ‘वाच’ ही आज्ञा त्यांत दोनदा आली आहे. मात्र कोठेही शिक्षेचा धाक नाही. आज्ञेसोबत पालनकर्त्याचा परिचय आहे आणि तो ‘अल-अकरम’, अर्थात परम उदार, असा आहे. आपल्या घरांत मात्र हीच आज्ञा बहुधा संतापासोबत येते. आधी शेजारच्या मुलाचे गुण ऐकवायचे, मग मोबाइल काढून घेण्याची धमकी द्यायची आणि शेवटी म्हणायचे, ‘वाच!’

कोणी म्हणेल, नमाजची ताकीद आपण देतोच ना? देतो, आणि दिलीच पाहिजे. ती फर्ज आहे. तरीही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सातव्या वर्षी सांगण्यास आणि दहाव्या वर्षी सक्ती करण्यास फर्माविले, मध्ये तीन वर्षांचा अवधी ठेवला. शिवाय मूल नमाजकडे प्रथम वळते ते ताकिदीने नव्हे. नीट बोलताही येत नसते, तेव्हाच ते आईच्या जानमाजवर येऊन सजद्याची नक्कल करते. ज्या घरात वडीलधाऱ्यांच्या हाती पुस्तक कधी दिसतच नाही, तेथे मुलाने वाचनासाठी कोणाची नक्कल करावी?

दुसरा आक्षेप गोष्टींच्या पुस्तकांविषयी असतो. अभ्यास सोडून कथा वाचणे म्हणजे वेळ दवडणे, असे अनेक पालकांना वाटते. परंतु मानवाला शिकविताना अल्लाहनेही कथेचा मार्ग घेतला आहे. सूरह यूसुफच्या १११ आयतींत भावांचा मत्सर, पित्याचा विरह आणि अखेरची क्षमा क्रमाने उलगडते. तेव्हा कथा त्याज्य नाही. असत्याला आणि अश्लीलतेला मोहक करणारी कथा त्याज्य आहे. ही निवड पालकांनी अवश्य करावी, पण पुस्तक स्वतः वाचून. केवळ मुखपृष्ठ पाहून नव्हे.

वाचलेल्याविषयी मुलाला विचारावे कसे, हेही प्रेषितांच्या आचरणात सापडते. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्यापाशी एक चिमुकला पक्षी होता. प्रेषित (स.) त्या बालकाला भेटत, तेव्हा पक्ष्याची विचारपूस करीत. ती उलटतपासणी नव्हती, आस्था होती. ‘किती पाने झाली?’ याऐवजी ‘त्या गोष्टीतल्या मुलाचे पुढे काय झाले?’ असे विचारून पाहा.

ज्या आईला अक्षरओळख नाही, तीही या कर्तव्यात उणी पडत नाही. मगरिब आणि इशा यांच्या दरम्यान मुलाने मोठ्याने वाचावे आणि तिने मन लावून ऐकावे. शाळेची फी भरणे पित्याला जमते; आपला वेळ देण्याचे औदार्य मात्र दोघांनाही दाखवावे लागते.

संतती ही अल्लाहने सोपविलेली अमानत आहे. मुलाच्या हृदयात आवड उत्पन्न करणे आपल्या हाती नाही. त्याच्याशेजारी पुस्तक घेऊन बसणे आपल्या हाती आहे. हिशेब आपल्या हातातल्याच गोष्टीचा होणार आहे. अल्लाह आपणा सर्वांना ही सद्बुद्धी देवो. आमीन.