टाळता येणारे दुःख: पोटाचा व्यायाम, त्वचा आणि तितिक्षा

शरीराला वळण लावण्याच्या कोणत्याही मार्गात कष्ट अटळ असतात. परंतु त्या कष्टांबरोबर येणारी प्रत्येक वेदना साधनेचाच भाग मानावी काय, हा प्रश्न भारतीय धर्मविचाराने फार पूर्वीपासून गांभीर्याने हाताळला आहे. पोटाचे व्यायाम करताना पाठीची किंवा माकडहाडावरची कातडी सोलवटते, ही बाब अशा चर्चेत क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि तत्त्वाचा कस लागतो तो रोजच्या लहान दुःखांतच. मुंबईतील पवईत हा प्रश्न दोन्ही अंगांनी उभा राहतो, कारण तलावाच्या परिसरात सकाळ-संध्याकाळ व्यायाम करणाऱ्यांची वर्दळ असते, आणि त्याच पवईत 1963 साली स्थापन झालेल्या सांदीपनी साधनालयात देह, मन आणि आत्मा यांच्या संबंधाचा वेदान्ताच्या अंगाने अभ्यास चालतो.

प्रथम या दुःखाचे स्वरूप पाहिले पाहिजे. उताणे झोपून धड वर उचलण्याच्या व्यायामात, म्हणजे सिट-अप्समध्ये, शरीराचा बराच भार माकडहाड आणि त्यावरच्या त्रिकास्थीवर येतो. तेथे हाड आणि त्वचा यांच्यामध्ये मांसाचा थर पातळ असतो, आणि प्रत्येक आवर्तनात तीच त्वचा जमिनीवर घासली जाते. त्यात घामाची भर पडली की त्वचेचा वरचा थर मऊ पडतो, ओले कापड अंगाला चिकटते आणि घर्षण वाढते. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतील आर्द्रता वारंवार 80 टक्क्यांच्या वर जात असल्याने घाम वाळत नाही. परिणामी चुरचुरणे, घामोळे, कमरेच्या इलास्टिकखाली उठणारा लाल पट्टा, आणि ओले कपडे तसेच अंगावर ठेवल्यास गजकर्णासारखा बुरशीचा संसर्ग, असा क्रम सुरू होऊ शकतो. यांपैकी कशानेही पोटाचे स्नायू बळकट होत नाहीत. स्नायूंवर येणारा ताण हा त्या व्यायामाचा गाभा आहे, तर सोलवटलेली कातडी हा त्याचा केवळ आनुषंगिक परिणाम आहे.

हाच भेद योगदर्शनात अधिक व्यापक पातळीवर आढळतो. पतंजलींनी योगसूत्रांच्या साधनपादात, अजून न आलेले दुःख हे ‘हेय’, म्हणजे टाळण्याजोगे, असे म्हटले आहे. या सूत्रांवरील व्यासभाष्याने त्याचे स्पष्टीकरण असे केले की भूतकाळातील दुःख भोगून संपलेले असते, वर्तमानातील दुःख भोगात आलेले असते, म्हणून प्रतिबंध शक्य असतो तो केवळ भावी दुःखाचा. याच संदर्भात भाष्यकारांनी योग्याची तुलना डोळ्याशी केली आहे: लोकरीचा बारीक तंतू अन्य अवयवांना जाणवतही नाही, पण डोळ्यात गेला तर खुपतो, तसे सामान्यांच्या लक्षात न येणारे दुःख योग्याला जाणवते. दुःखाची सूक्ष्म जाणीव हे येथे परिपक्वतेचे लक्षण ठरले आहे. त्वचेला होणारी पहिली चुरचुर ओळखून वेळीच उपाय करणाऱ्या व्यायामपटूला नाजूक म्हणून हिणवणे या दृष्टीने चुकीचे ठरते.

बौद्ध परंपरेत हा विचार थेट नियमांत उतरलेला दिसतो. उग्र तपाच्या काळात पोटाची कातडी चाचपताना पाठीचा कणा हाताला लागत असे, असे वर्णन पाली सुत्तांत स्वतः बुद्धांच्या तोंडी येते. देह असा झिजवून ज्ञान मिळत नाही, या अनुभवातून मध्यम मार्ग पुढे आला. विनयपिटकातील महावग्गात बेलट्ठसीस या थेराची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूची, कथा आहे. त्यांच्या अंगावरच्या फोडांतून लस वाहून चीवर कातडीला चिकटत असे आणि इतर भिक्षू ते पाण्याने भिजवून हळूहळू सोडवीत असत. बुद्धांनी हे पाहिले, तेव्हा त्यांनी सोसण्याचा उपदेश केला नाही. खाज, फोड वा वाहत्या जखमा असणाऱ्यांसाठी ‘कंडुपटिच्छादि’, म्हणजे व्रणावर घेण्याचे वेगळे वस्त्र, त्यांनी अनुमत केले. त्याचे मापही पुढे ठरले: बुद्धांच्या वितीने चार वीत लांब आणि दोन वीत रुंद. बसण्याच्या ‘निसीदन’ नावाच्या वस्त्रालाही अशीच मान्यता मिळाली. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत भिक्षूंसाठी कोरलेले दगडी ओटे आजही दिसतात. असा कठीण ओटा आणि हे नियम यांचा एकत्र विचार केला म्हणजे वैराग्यात त्वचेची काळजी घेण्यास जागा होती, हे ध्यानात येते.

याविरुद्ध एक बलवान आक्षेप वेदान्तातूनच येतो. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत ‘तितिक्षा’ या गुणाची व्याख्या अशी आहे की सर्व दुःखे प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप यांच्यावाचून सहन करावीत. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही शीत-उष्णासारखे स्पर्श येतात आणि जातात, म्हणून ते सोसावेत, असा उपदेश आहे. मग जाड चटई अंथरणे ही तितिक्षेची पायमल्ली नव्हे काय?

या आक्षेपाचे उत्तर जैन विचारातील एका काटेकोर भेदाने मिळते. तेथे ‘परीषह’ म्हणजे मार्गात आपोआप उद्भवणारे कष्ट. त्यांचे 22 प्रकार सांगितले असून गवताची टोचणी आणि अंगावरचा मळ हेही त्यांत येतात. ‘कायक्लेश’ हे मात्र साधकाने विचारपूर्वक स्वीकारलेले बाह्य तप होय. व्यायामात सोलवटणारी कातडी या दोहोंत बसत नाही: ती अटळ नसल्याने परीषह नव्हे, आणि कोणी ती संकल्पपूर्वक पत्करलेली नसल्याने तपही नव्हे. ती निष्काळजीपणातून उपजते. गीतेच्या सतराव्या अध्यायात शास्त्राने न सांगितलेल्या घोर तपाने देहातील भूतांना कष्टविणाऱ्यांचा निषेध आहे, आणि त्याच अध्यायात शारीरिक तपाच्या घटकांत अहिंसेची गणना आहे. तितिक्षा ही आलेल्या दुःखाला सामोरे जाण्याची वृत्ती आहे. दुःख निर्माण करण्याची अनुज्ञा तिच्यातून निघत नाही.

साधनांचा विचारही परंपरेने कमी लेखलेला नाही. ध्यानासाठी कुश गवत, अजिन (मृगचर्म) आणि वस्त्र अशा थरांचे आसन गीतेनेच सांगितले आहे, आणि पतंजलींच्या मते आसन स्थिर असावे तसेच सुखदही असावे. आजच्या व्यायामाला याच विवेकाची जोड देता येते: नुसत्या फरशीऐवजी सतरंजीची घडी किंवा जाड मॅट, माकडहाडावर शिवण न येणारे आणि घाम धरून न ठेवणारे कपडे, घर्षणाच्या जागी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, व्यायामानंतर लगेच स्नान, आणि त्वचा हुळहुळली असल्यास ती भरून येईपर्यंत वेगळ्या व्यायामाची निवड. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात स्थापिलेल्या कैवल्यधामात ज्या उड्डियान आणि नौली या क्रियांचा क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यास झाला, त्या उभ्याने करता येतात. त्यांत पोटाला भरपूर काम मिळते आणि पाठ कशावरही घासत नाही. मात्र त्या जाणकाराकडूनच शिकाव्या लागतात.

या चर्चेचा सर्वांत महत्त्वाचा भाग शिकविणाऱ्यांशी संबंधित आहे. साधकाने स्वतःच्या बाबतीत सहनशीलतेची मर्यादा कितीही वाढवावी. तो त्याचा अधिकार आहे. परंतु शाळेच्या मैदानावर फरशीवर मुलांना ओळीने झोपवून आवर्तने मोजणारा शिक्षक, किंवा नवख्याला वेदना गिळायला सांगणारा प्रशिक्षक, तितिक्षेचा आधार घेऊ शकत नाही, कारण तितिक्षा हे स्वतःला लावून घेण्याचे व्रत आहे आणि दुसऱ्यावर लादताच ती हिंसा होते. बेलट्ठसीसांच्या चिकटलेल्या चीवराकडे पाहून बुद्धांनी जे केले, तेच शिकविणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय: आधी त्रास पाहावा, मग त्यावर उपाय करावा, आणि त्यानंतरच कष्टांची मागणी करावी.