जलपृष्ठाचा अंमल

२०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला जो महापूर आला, त्यात वडसा आणि ब्रह्मपुरीकडील धानाच्या बांध्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी पंचनाम्याच्या कागदावर बुडालेल्या क्षेत्राची नोंद होते. परंतु बुडालेले रोप पाण्याखाली आपला जीव कोणत्या आधारावर धरून ठेवते, हा प्रश्न दप्तराच्या कक्षेत येत नाही, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

त्याचे उत्तर पाण्याच्या पृष्ठाच्या स्वभावात आहे. द्रवाच्या अंतर्भागातील रेणूला भोवतालचे रेणू सर्व दिशांनी सारखेच ओढतात, म्हणून ती ओढ परस्परांत विरून जाते. पृष्ठभागावरील रेणूला मात्र वरच्या अंगाने ओढणारे कोणी नसल्यामुळे तो आत खेचला जातो, आणि म्हणूनच पाणी आपले पृष्ठ होता होईल तो आकुंचित ठेवू पाहते. २० अंश सेल्सिअसला हा पृष्ठताण दर मीटरला सुमारे ७३ मिलिन्यूटन भरतो. रेल्वेपुलाच्या खांबांवर आदळणाऱ्या प्रवाहापुढे हे बळ नगण्य होय. पण अंतरे पावणेतीन मिलिमीटरांच्या आत आली की गुरुत्वाकर्षणाची सत्ता क्षीण होते आणि तेथून पुढे या ताणाचा अंमल चालतो.

धानाचे पान याच इलाख्यातले आहे. त्याच्या त्वचेवर मेणाचे अतिसूक्ष्म कण व उंचवटे असतात. त्यांच्या मधल्या फटींत शिरायचे, तर पाण्याला आपले पृष्ठ विस्तारावे लागते, आणि नेमके तेच त्याच्या प्रकृतीविरुद्ध आहे. त्यामुळे पान बुडाले तरी त्याच्याभोवती हवेचा एक रुपेरी पापुद्रा टिकून राहतो, व त्याच्या द्वारे ते रात्री पाण्यात विरघळलेला प्राणवायू आणि दिवसा प्रकाशाच्या आश्रयाने कर्बवायू घेत राहते. संशोधकांनी साबणासारख्या द्रव्याने हा पापुद्रा घालवून पाहिला, तेव्हा रोपाचे श्वसन आणि अन्ननिर्मिती दोन्ही खालावली. ही मुदत अर्थात थोडी असते: दिवसांगणिक पापुद्रा झिजतो, आणि पुराच्या गढूळ पाण्यात प्रकाशही पोचत नाही. चार दिवसांत ओसरलेले पाणी आणि पंधरवडाभर साचलेले पाणी यांत शेतकऱ्याला जो जमीनअस्मानाचा फरक दिसतो, त्याच्या कारणांपैकी हे एक आहे.

याच ताणाच्या आश्रयाने बोडीच्या, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्याच्या, स्थिर पाण्यात हिवतापाच्या डासाची अळी पृष्ठाला समांतर पडून, श्वासरंध्रे हवेत उघडी ठेवून वाढते. आणि गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशाला हिवतापाने किती छळले आहे, हे येथे निराळे सांगायला नको. पाण्यावर तेलाचा पातळ थर पसरला की पृष्ठताण उतरतो, रंध्रांत तेल शिरते आणि अळी गुदमरते. गटारावर हा उपाय रास्त खराच. परंतु ज्या पाण्यात धान उभे आहे आणि ज्यावर गुरे येतात, तेथे तो कोणी सुचवू नये. बोडीत गप्पी मासे सोडावेत हे मला अधिक पटते, कारण मासा अळी खाऊन टाकतो आणि पाण्याचे पृष्ठ जसेच्या तसे राहू देतो.